सदतीस अंशांची चोरी

उबपेटीचं दार नीट लागलेलं होतं. काचेवरचा आकडा सदतीसवर होता. आत फक्त बाटली नव्हती.

पीएसआय आरोही हलगेकर त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. सकाळचे पावणेसात वाजले होते. हिंडलग्याच्या माळावरच्या या ‘जीवस्पंद’ संशोधन केंद्रातून पंचवीस मिनिटांपूर्वी फोन आला होता आणि फोन करणारा चक्क रडत होता. बाटली गेली म्हणून रडणारा गडी आरोहीने सात वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकला.

तो गडी आता तिच्यासमोर उभा होता. भीमरत्न कांबळे, निपाणीचा, केंद्रातला तरुण संशोधक.

“काय होतं बाटलीत?” आरोहीने विचारलं.

“एका मुलीचा जीव, मॅडम.”

“नीट सांगा.”

नीट सांगितलं ते केंद्राचे प्रमुख डॉ. रविराज सडेकर यांनी. पन्नाशीचा माणूस, डोळे तांबारलेले, शर्टाच्या गुंड्या खाली-वर लागलेल्या. रात्री ते केंद्रातच वरच्या खोलीत झोपले होते.

“एकोणीस वर्षांची मुलगी आहे. उपासना. हृदयाला ठोक्याचा हुकूम देणारी वाटच तिच्यात जन्मापासून बंद. बाराव्या वर्षी यंत्र बसवलं. यंत्राच्या तारांना जंतुसंसर्ग झाला, तोही तीनदा. तारा काढल्या, शिरा बुजल्या. आता मानेतून तात्पुरती तार घातलीय आणि तीही चिघळलीय. आज दुपारी दोनला ती काढून आमचं जेल हृदयात टोचायचं ठरलं होतं.”

“जेल म्हणजे?”

“समुद्री शेवाळापासून केलेला मऊ लगदा. त्यात तिच्याच रक्तापासून वाढवलेल्या पेशी. या पेशी आपण होऊन ठोका देतात. जेल त्यांना हृदयात एका जागी धरून ठेवतं. जिवंत पेसमेकर म्हणा ना.”

“बाटली बाहेर किती वेळ टिकेल?”

“सदतीस अंशांची ऊब मिळाली तर संध्याकाळपर्यंत. गार पडली तर दोन तासांत सगळं संपलं.” डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “म्हणजे जवळजवळ संपलंच. आता शोधून काय उपयोग?”

“दुसरी बाटली?”

“तयार करायला तीन महिने लागतात.”

“आणि मुलीकडे किती वेळ आहे?”

उत्तर भीमरत्नने दिलं. “आजचा दिवस.”

*

आरोहीने फाटक बंद करवलं. पहारेकऱ्याने छातीवर हात मारून सांगितलं, पहाटेपासून आत कुणी आलं नाही, बाहेर कुणी गेलं नाही. तारेचं कुंपण आठ फुटी होतं आणि ते कुठेही वाकलेलं नव्हतं. आत माणसं तीनच. डॉक्टर, भीमरत्न आणि मागच्या शेळीघरात राहणारा परशराम गावडे. म्हणजे चोर आतला होता आणि बाटलीही आतच होती.

तिने भीमरत्नला समोर बसवलं.

“बाटली शेवटची कधी बघितलीत?”

“पाच वाजता. पेशींना खाऊ घालायला आलतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. छान ठोके देत होत्या.”

“मग?”

“साडेपाचला लाईट गेली. जनरेटर आपोआप लागत न्हाय, लई दिवस बिघडलाय. मी मागं जाऊन हातानं चालू केला. आठ-दहा मिनिटं गेली असतील.”

“या खोलीला कार्डाचं कुलूप आहे ना?”

“लाईट गेली की ते सुटतं, मॅडम. आगबीग लागली तर माणूस आत अडकू नये म्हणून. कॅमेरेपण बंद पडतात. उबपेटीला तेवढी बॅटरी हाय.”

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“इथं सगळ्यांनाच.”

“परत आलात तेव्हा बाटली नव्हती. मग पोलिसांना सहा वीसला फोन. मधला पाऊण तास?”

भीमरत्न खाली मान घालून म्हणाला, “आधी मीच शोधत बसलो. मग सरांना उठवलं. सर म्हणाले पोलीस नकोत, आधी हॉस्पिटलला कळवू, ऑपरेशन रद्द झालं म्हणून. मी ऐकलं न्हाय.”

“का नाही ऐकलंत?”

“उपासनाच्या आई माझ्या बाई हायत. निपाणीच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. इथं पोरीला घेऊन या, असं मीच त्यांना सांगितलं हुतं.”

एवढं बोलून तो पुन्हा रडायला लागला. आरोहीने त्याला पाणी दिलं. संशय मात्र काढून घेतला नाही. एकटा होता, वेळ होता, आणि डॉक्टरांनी मघाशी तिला बाजूला घेऊन हळूच सुचवलंच होतं, की पोरगा हुशार आहे, बेंगळूरच्या कंपन्या अशा मालासाठी टपून बसलेल्या असतात. त्याच्या बॅगेत गरम राहणारा थर्मासही सापडला. त्यात चहा निघाला.

*

साडेआठला ज्योत्स्नाबाई आल्या. टिळकवाडीतल्या हॉस्पिटलातून रिक्षाने आल्या होत्या. रात्रभर अंगावर असलेली सुती साडी, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांनी भीमरत्नकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडे पाहिलं नाही. सरळ आरोहीचे दोन्ही हात धरले.

“मॅडम, मला चोर नको. त्याला सोडून द्या, मी तक्रार करणार नाही. मला फक्त बाटली पाहिजे.”

“शोधतोय, बाई.”

“ताप एकशे तीन झालाय. मानेतली तार काढली नाही तर जंतू रक्तात जातील. काढली तर ठोका थांबेल.” वर्गात गणित मांडावं तशा त्या एकेक पायरी सांगत होत्या, फक्त आवाज फाटत होता. “छाती उघडून हृदयावर बाहेरून तार शिवायची, असं तिथले सर्जन म्हणतात. जगण्याची खात्री निम्मीच. सडेकर सर म्हणाले, त्यापेक्षा जेल बरं. सहा शेळ्यांना दिलंय, सहाही ठणठणीत आहेत. मी सर्जनना नको म्हणाले. मीच नको म्हणाले हो!”

त्यांचे हात आरोहीला सोडवेनात. शेवटी भीमरत्नने पुढे होऊन त्यांना खुर्चीवर बसवलं.

*

केंद्राचा कोपरान् कोपरा धुंडाळला. फ्रिज, कपाटं, गाड्या, पाण्याच्या टाक्या, डॉक्टरांची खोली. पोलीस घामाघूम झाले. दहा वाजले. साडेदहा वाजले.

आरोही शेळीघरात गेली.

परशराम शेळ्यांना पाला टाकत होता. जांबोटीकडचा साठीचा माणूस, डोक्याला मफलर. सहा काळ्या शेळ्या, प्रत्येकीच्या कानात नंबराचा बिल्ला, छातीवर टाक्यांचा व्रण. कोपऱ्यात डालग्याखाली एक कोंबडी पिसं फुगवून बसली होती.

“पहाटे कुठं होता, मामा?” आरोही खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक. इथं तिची जीभ आपोआप घरच्या वळणावर गेली.

“हितंच की. धारा काढत हुतो.”

“लाईट गेली तवा?”

“कंदील लावला.”

“कुणाला तिकडं जाताना बघितलं?”

“न्हाय बा.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. चार नंबरची शेळी आरोहीची बाही चघळायला लागली. तिने हसून तिचा जबडा धरला आणि लहानपणीच्या सवयीने खालचा ओठ ओढून दात पाहिले. मधले दोन मोठे, बाजूचे सगळे बारके दुधाचे. तिने शेळीच्या पाठीवर थाप मारली. शेजारच्या पाच नंबरचेही दात तसेच होते.

“कोंबडी कधी बसिवली?”

“पाच दिस झाले. खुडूक झालती, म्हटलं बसवू.”

भिंतीतल्या कोनाड्यात एक अंडं होतं. आरोहीने उचललं. गार होतं.

“आणि हे?”

“वांझ निघालं. काढून टाकलं.”

आरोहीने अंडं परत ठेवलं आणि कार्यालयात येऊन बसली. टेबलावर शेळ्यांची फाइल होती. ती उघडली. ‘सहाही माद्या, जेल टोचताना वय चार वर्षं, टोचून चौदा महिने पूर्ण, प्रकृती उत्तम.’ खाली डॉ. सडेकरांची सही. शेळ्यांच्या सगळ्या तपासण्या त्यांनीच केलेल्या होत्या.

हॉस्पिटलातून फोन आला. ताप एकशे चार. सर्जन विचारत होते, काय ठरलं? पलीकडच्या खुर्चीत ज्योत्स्नाबाई भिंतीला डोकं टेकून, डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. आरोहीला स्वतःचाच संताप आला. एक बाटली, तीन माणसं, चार एकर जागा, आणि आपण हात चोळत बसलोय. काखेत कळसा नि गावाला वळसा!

तिने फाइल पुन्हा वाचली. मग ताडकन उठली, शेळीघरात गेली आणि कोनाड्यातलं अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं.

परशरामच्या हातातला पाला खाली पडला.

*

अकरा वाजून वीस मिनिटांनी आरोहीने सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. डॉक्टर, भीमरत्न, ज्योत्स्नाबाई आणि परशराम. टेबलावर रुमालात गुंडाळलेली बाटली होती. भीमरत्नने ती झडप घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

“जिवंत हायत!” तो ओरडला. “बाई, ठोके देतायत! सगळ्या!”

ज्योत्स्नाबाई उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “चला. अजून वेळ आहे. रिक्षा बाहेर उभी आहे, चला.”

“दोन मिनिटं, बाई,” आरोही म्हणाली. “मी सांगते ते ऐका आणि मग ठरवा. बाटली कोंबडीच्या पोटाखाली होती.”

“कोंबडीच्या?” डॉक्टर म्हणाले. बाटली सापडल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द होता.

“कोनाड्यात एक अंडं होतं. मामा म्हणाले वांझ आहे. मी उजेडावर धरलं, तर आत लाल शिरांचं जाळं. म्हणजे जीव धरलेलं अंडं. पाच दिवस उबवलेलं जिवंत अंडं कोणताही शेतकरी कोंबडीखालून काढत नाही. काढलं असेल तर दुसऱ्या कशाला तरी जागा करायला.”

परशराम पुटपुटला, “कोंबडी ल्हान हाय. नवाच्या वर पोटाखाली घेत न्हाय. एक काढावंच लागलं. पाप लागंल मला.”

“खुडूक कोंबडीखाली किती ऊब असते हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“भीमरत्न सायबांनीच एकदा गमतीनं थर्मामीटर दिलतं. सदतीसच्या वरच भरलं.”

भीमरत्न त्याच्याकडे वळला. “मामा, तुम्ही? का?”

परशरामने डोक्याचा मफलर सोडून हातात घेतला. आरोहीने विचारलं, “चोरली ती चोरली. मग वतून का टाकली न्हाय? सापडलीच नसती.”

“जीव हाय त्यात, मॅडम. जिता जीव मातीत कसा वतू?”

“हा माणूस वेडा आहे!” डॉक्टर म्हणाले. “ताब्यात घ्या त्याला.”

“घेणार आहे. पण डॉक्टर, एक सांगा. चोरी झाल्यावर पोलीस नकोत असं तुम्ही म्हणालात. शोधून उपयोग नाही म्हणालात. बाटली सापडली, जिवंत सापडली, तरी तुम्ही एकदाही तिला हात लावला नाही. ज्याची तीन महिन्यांची मेहनत परत आली, तो माणूस असा वागतो का?”

“मला धक्का बसलाय.”

“मला वाटतं, बाटली गेली तेव्हा तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. आता ते परत आलंय.” तिने फाइल उघडली. “इथं लिहिलंय, जेल टोचलं तेव्हा शेळ्या चार वर्षांच्या. त्याला चौदा महिने झाले. म्हणजे आज त्या पाच वर्षांच्या वर असायला पाहिजेत. पाच वर्षांच्या शेळीचे खालचे आठही दात मोठे असतात. आमच्याकडे बाजारात शेळी घेताना पोरसुद्धा आधी तोंड उघडून बघतं. आत्ता सगळ्यांची तोंडं बघून आले. सहापैकी चार शेळ्यांना दोनच मोठे दात आहेत. दीड वर्षाच्या आहेत त्या. तुम्ही जेल टोचलं तेव्हा त्या आईला पीत होत्या, डॉक्टर.”

भीमरत्नच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“कानातला बिल्ला काढून दुसरीच्या कानात घालता येतो. छातीवर चीर देऊन व्रणही करता येतो. दात घालता येत नाहीत. पहिल्या चार शेळ्या कुठं आहेत?”

उत्तर परशरामने दिलं.

“कुंपणाजवळ पुरल्यात. मीच पुरल्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात धाप लागायची. काळीज असं पळायचं, की हात ठेवला तर हात उडायचा. उभ्या उभ्या पडायच्या. डाक्टर म्हणले कुणाला बोलू नको, नोकरी जाईल तुझी. मी गप बसलो. वाटलं, शेळ्याच की. पन काल ह्या बाई आलत्या. माझ्याकडं येऊन शेळ्या बघून गेल्या, चार नंबरच्या अंगावरनं हात फिरवला, म्हणल्या, ‘मामा, माझी पोर बी अशीच हिंडंल आता.’ मला रात्रभर झोप लागली न्हाय. पहाटे लाईट गेली, कुलूप सुटलं, तसा आत गेलो.”

“मला का सांगितलं न्हाय?” भीमरत्न ओरडला.

“तुमी त्यांचीच मानसं. माझं कोन ऐकतंय? शेळी जाते जिवानिशी आनि खानारा म्हनतो वातड.”

आरोही डॉक्टरांकडे वळली. “बोला.”

रविराज सडेकरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. “पेशी मधेच दुसरा ठोका सुरू करतात. हृदयाचा एक, त्यांचा एक. एका घरात दोन कारभारी. मग हृदय नुसतं थरथरत राहतं.” ते सावकाश बोलत होते. “पहिली गेली तेव्हा मला योगायोग वाटला. चौथी गेली तेव्हा परवानगीची कागदपत्रं पुढे गेली होती. बावीस वर्षं घातलीत मी यात. थांबलो असतो तर केंद्र बंद झालं असतं. तिच्या पेशी तिच्या स्वतःच्या आहेत, माणसात असं होणार नाही, असं मी स्वतःला रोज सांगत होतो. आज पहाटे बाटली गेली म्हणून कळलं आणि मी... मी सुटलो असं वाटलं.”

“मग आधी का नाही थांबलात?” भीमरत्नने विचारलं.

“धीर झाला नाही.”

आरोहीला त्या माणसाची कीव आली आणि त्याहून जास्त चीड आली. तिने कॉन्स्टेबलला खूण केली.

तेवढ्यात ज्योत्स्नाबाई उठल्या. “दोन जगल्या ना?”

“बाई?”

“सहापैकी दोन जगल्या. त्यांचे दात बरोबर आहेत ना? मग माझी पोर तिसरी असेल.” त्यांनी बाटलीवर हात ठेवला. “मला बाटली द्या. मी लिहून देते. कुणाला जबाबदार धरणार नाही.”

भीमरत्न आडवा आला. “नको, बाई.”

“बाजूला हो.”

“त्या दोघी का जगल्या ते मला माहीत न्हाय. कुणालाच माहीत न्हाय. मी हे तिच्या छातीत जाऊ देणार न्हाय.”

बाईंनी त्याच्या थोबाडीत मारली. आवाज खोलीभर झाला. तो हलला नाही. मग त्याच हाताने त्यांनी त्याची कॉलर धरली आणि ओरडून विचारलं, “मग मी काय करू रे? सांग ना, मी काय करू?”

“तिकडं निम्मी खात्री हाय, बाई,” तो रडत म्हणाला. “हितं तेवढी बी न्हाय.”

*

आरोहीच्या जीपमधून त्या हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. उपासना शुद्धीवर होती. मानेला पट्टी, ओठ सुकलेले, डोळे तापाने चकाकणारे.

“सापडलं का?” तिने विचारलं.

आईने आरोहीकडे पाहिलं. म्हणून आरोहीने सांगितलं. शेळ्यांचं सांगितलं, दातांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. लपवालपवी आजच्या दिवसाला पुरेशी झाली होती.

सगळं ऐकून उपासना म्हणाली, “दुसऱ्या ऑपरेशनचा कागद कुठंय?”

ज्योत्स्नाबाईंनी कागद घेतला आणि पेन उघडलं. उपासनाने सलाईनचा हात पुढे केला.

“आई, मी एकोणीस वर्षांची आहे. आजवर सगळ्या सह्या तू केल्यास. हे निम्मं-निम्मं माझं आहे. मला दे.”

बाईंनी पेन दिलं. त्यांनी कागदाखाली पुस्तक धरलं आणि ते हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं.

दीडला तिला आत नेलं. तीन वाजले, चार वाजले. ज्योत्स्नाबाई बाकावर बसून होत्या. त्या प्रार्थना करत नव्हत्या, रडत नव्हत्या. दार उघडलं की फक्त उठायच्या आणि दार बंद झालं की बसायच्या. भीमरत्न दूर, जिन्यापाशी उभा होता.

साडेपाचला सर्जन बाहेर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाले, “एकदा थांबलं होतं. परत आलं. तार बसलीय. पुढचे तीन दिवस काही सांगता येणार नाही, पण आत्ता ठोका पडतोय.”

बाईंनी मान हलवली. मग त्या जिन्यापाशी गेल्या, भीमरत्नच्या गालावर काही क्षण हात ठेवला आणि पुढे आरोहीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“त्या मामांना कुठं ठेवलंय?”

“ठाण्यात. चोरी ती चोरीच, बाई. मला गुन्हा नोंदवावा लागला. उद्या कोर्टात उभं करणार.”

“त्यांचं इथं कुणी आहे?”

“जांबोटीला बायको आहे. एवढ्या लांब येऊन जामीन राहणारं कुणी नाही.”

ज्योत्स्नाबाईंनी पदर खोचला.

“मी राहते जामीन. कागद कुठं करायचा, सांगा.”